पांढऱ्या चहाचे आधण

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता टोकावडे मागे टाकून वैशाखऱ्याच्या दिशेने निघाला, की दोन्ही अंगांना जे लहानमोठे पाडे लागतात, त्यांतल्या कोणत्याही घराच्या ओट्यावर वाटसरूने क्षणभर टेकावे, म्हणजे तो कोण, कुठला आणि कोणत्या कामासाठी इतक्या आडवाटेला आला याची चौकशी पुरी होण्यापूर्वीच आत चुलीवर भगोणे चढलेले असते. भगोण्यात पाणी, पाण्यात गुळाचा खडा, परसातल्या बेटातून तोडून आणलेली आणि मुठीत मुरगळलेली गवती चहाची दोन पाती, थंडीचे दिवस असले तर ठेचलेल्या आल्याचा तुकडा, आणि उकळी फुटल्यावर पाच रुपयांच्या पुडीतली चिमूट-दोन चिमूट भुकटी, एवढ्या सामग्रीवर सिद्ध झालेले ते काळेभोर पेय बशीत ओतून पुढे येते. दूध नसते. असले तर ते आधी वासराचे, मग डेअरीच्या कॅनचे, आणि त्यातून उरले तर घरातल्या लहानग्याचे. पाहुण्याच्या कपापर्यंत त्याची मजल क्वचितच जाते. शिवाय गुळाच्या चहात दूध घातले की ते नासण्याची धास्ती आहेच. या चहाला इकडे कोरा चहा म्हणतात.

‘कोरा’ हा मोठा अर्थवाही शब्द आहे. कोरा कागद म्हणजे ज्यावर काही लिहिलेले नाही तो, कोरे कापड म्हणजे ज्याला अद्याप पाणी लागलेले नाही ते, आणि ज्याचा सातबारा कोरा झाला तो खातेदार म्हणजे ज्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा उरलेला नाही असा भाग्यवान पुरुष. या हिशेबाने पाहू गेल्यास आमचा कोरा चहा दुधाच्या बाबतीत कोरा असला, तरी रंग, उकळी आणि गूळ यांच्या बाबतीत चांगला भरगच्च दस्तऐवज असतो. ज्याला खऱ्या अर्थाने कोरा म्हणता येईल असा चहा मला पुष्कळ उशिरा, निलगिरीची सहल करून आलेल्या एका स्नेह्याने शहापूरच्या मुक्कामी आणून दिलेल्या पाकिटातून भेटला. पाकीट हाताला इतके हलके लागले, की ते अर्धे रिकामे असावे असा मला संशय आला. उघडून पाहतो तो आत भुकटी नाही, दाणे नाहीत. बोटाच्या पेराएवढ्या लांब, निमुळत्या, रुपेरी लव असलेल्या सुकलेल्या कळ्या आणि त्यांच्या सोबतीला हिरवट-करड्या रंगाची एखाददुसरी चुरगळलेली पाने. स्नेह्याने सांगितले, हा पांढरा चहा.

पहिल्या खेपेला मी जे केले ते सांगताना आजही संकोच वाटतो. मराठी घरात चहा करणे या क्रियेचा जो परंपरागत अर्थ आहे त्याला अनुसरून मी पाणी खळखळा उकळले, त्यात चमचाभर कळ्या टाकल्या, रंग येत नाही म्हणून आणखी टाकल्या, तरीही रंग येईना म्हणून पाच मिनिटे भगोणे आचेवर तसेच ठेवले आणि अखेरीस दूध-साखर घालून गाळले. तयार झालेला पदार्थ तांदळाच्या धुवणाच्या रंगाचा होता आणि त्याची चव कोमट, गोड दुधात वाळले गवत भिजत घातल्यासारखी होती. दोष कळ्यांचा नव्हता. आमच्याकडे चहाचे ‘आधण ठेवतात’, चहा ‘टाकतात’, ‘उकळतात’, ‘कडक करतात’; या साऱ्या क्रियापदांत बळाचा वापर आहे, आणि पांढरा चहा त्यांतल्या एकाही क्रियापदाला वश होत नाही.

असे का, हे समजण्यासाठी तो होतो कसा हे पाहावे लागते. पांढरा, हिरवा, उलाँग आणि काळा हे चारही चहा एकाच झाडाचे. त्या झाडाला शास्त्रज्ञांनी कॅमेलिया सिनेन्सिस असे नाव दिले आहे. भेद पडतो तो पाने खुडल्यानंतर त्यांची जी व्यवस्था लावली जाते तिच्यामुळे. हिरव्या चहाची पाने लागलीच वाफेवर किंवा तापल्या कढईत गरम करतात, त्यामुळे पानातली रासायनिक क्रिया जागच्या जागी थांबते आणि हिरवेपणा टिकतो. काळ्या चहाची पाने उलट मळतात, चिरडतात, त्यांतला रस हवेला उघडा करतात. कापून ठेवलेल्या सफरचंदाप्रमाणे तो रस तांबूस-काळा पडत जातो आणि पुरेसा पडला की पाने कडक उष्णतेवर सुकवतात. पांढऱ्या चहाच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही. कोवळ्या कळ्या खुडायच्या, बांबूच्या पसरट चाळणींवर विरळ पसरायच्या, दीड-दोन दिवस, कधी त्याहूनही अधिक, हवेवर आणि सौम्य उन्हात कोमेजू द्यायच्या आणि शेवटी मंद उष्णतेवर वाळवून डब्यात भरायच्या. मळणे नाही, भाजणे नाही, चिरडणे नाही.

हे वाचून शहापूर-मुरबाडच्या माणसाला फारसे नवल वाटू नये, कारण वाळवण्याची विद्या या मुलखात घरोघर आहे. मार्च-एप्रिलात पहाटे मोहाच्या झाडाखाली वेचलेली फुले अंगणात पसरणारी बाई ती एकावर एक पडू देत नाही, ढीग तर होऊच देत नाही, कारण ढिगात ऊब धरते, ऊब धरली की फूल काळवंडते आणि आंबते. उन्हाचा कडाका फार असला तर ती त्यांना सावलीकडे सरकवते आणि संध्याकाळचे दव पडण्याआधी गोळा करते. माळशेज-नाणेघाटाच्या अंगाला बाळहिरडा वेचणारे लोकही हेच करतात. चीनच्या फुजियान प्रांतात फुडिंग आणि झेंगहे या ठिकाणी, जिथे या चहाचे मूळ घर आहे, तिथला चहावालाही याहून निराळे काही करीत नाही. फक्त त्याच्या चाळणीतल्या नुसत्या कळ्यांना ‘रुपेरी सुई’ आणि कळीसोबत एक-दोन पाने असलेल्या मालाला ‘पांढरी पिओनी’ अशी काव्यमय नावे मिळाली, आणि आमच्या मोहाला अबकारी खात्याचे कलम मिळाले.

आता आपल्या पुडीतली भुकटी पाहा. ती ज्या यंत्रातून निघते ते आसामात 1930 च्या दशकात प्रचारात आले. त्यात दातेरी रुळांच्या जोड्या पानाला कापतात, फाडतात आणि गुंडाळून त्याचे बारीक गोळे करतात, आणि या तीन क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या भुकटीला सीटीसी हे नाव पडले. या यंत्रात पानाची एकही पेशी शाबूत राहत नाही; म्हणून असल्या दाण्याला उकळते पाणी लागले, की त्याच्याजवळ जे काही असेल ते सारे तो मिनिटाभरात ओकून मोकळा होतो. पांढऱ्या चहाची कळी याच्या अगदी विरुद्ध स्वभावाची. तिच्या पेशी जवळजवळ अखंड असतात, वरून लवेचे पांघरूण असते, पाणी आत शिरायलाच वेळ लागतो. तिला उकळत्या पाण्यात घालून ढवळणे म्हणजे बंद दारावर धक्के मारणे होय. दार उघडत नाही, मात्र चौकट खिळखिळी होते आणि पेल्यात नुसता तुरटपणा उतरतो.

तेव्हा हा चहा करताना सांभाळायची पहिली गोष्ट पाण्याची, आणि पाण्याविषयी लिहिताना शहापूरच्या माणसाची लेखणी थोडी अडखळते. आमच्या तालुक्यातले तानसा धरण 1892 साली बांधून पुरे झाले. भातसा त्यानंतर कित्येक दशकांनी आले, आणि आज मुंबईला रोज जे पाणी मिळते त्यातले निम्म्याच्या आसपास एकट्या भातशाचे असते. भातशातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून वाहत पिसे येथे येते, तिथून उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि मोठमोठ्या नळांतून मुंबईकडे जाते. म्हणजे गिरगावात किंवा घाटकोपरात सकाळी गॅसवर चढणाऱ्या चहाच्या पातेल्यात पुष्कळदा आमच्याच तालुक्याचे पाणी असते. आणि त्याच सकाळी, एप्रिल-मे महिन्यांत, तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांवरच्या बाया हंडे-कळशा घेऊन टँकरची वाट पाहत बसलेल्या असतात. चहाच्या लेखात ही फिर्याद कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु पेल्यातला शंभरात नव्व्याण्णव भाग पाण्याचाच असतो, आणि पांढरा चहा इतका मितभाषी असतो की पाण्यात जो गुणदोष असेल तोच आधी बोलतो.

धरणातले किंवा पावसाचे पाणी हलके. काळ्या पाषाणात खोदलेल्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी, विशेषतः उन्हाळ्यात तळ गाठल्यावर, जड. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजायला हट्ट करते आणि साबणाला फेस येत नाही, त्या पाण्यात हा चहा करू नये. क्षारांशी संयोग पावून तो पेल्यावर पातळ, चकचकीत तवंग धरतो आणि सुगंध त्याखाली गुदमरतो. नाइलाज असला तर ते पाणी आदल्या रात्री उकळून ठेवावे आणि सकाळी तळाचा गाळ न हलवता वरचे ओतून घ्यावे. जडपणाचा काही अंश तळाशी बसतो. टँकरच्या पाण्याला ग्रामपंचायतीच्या जंतुनाशक टीसीएल पावडरीचा वास असतो. तो पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवल्याने पुष्कळसा उडतो. चुलीवर पाणी तापवायचे असेल तर झाकण अवश्य ठेवावे, कारण धुराची चव कोऱ्या चहाला खुलवते, पण पांढऱ्या चहाला ती गिळून टाकते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पांढऱ्या चहाला पाणी साधारण 80 ते 85 अंशांचे हवे. तापमापक कोणाच्या स्वयंपाकघरात असतो? आठव्या शतकातल्या लू यू नावाच्या चिनी ग्रंथकारापाशीही तो नव्हता. त्याने पाण्याच्या बुडबुड्यांच्याच पायऱ्या ठरवल्या होत्या, आणि त्याची पहिली पायरी म्हणजे माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे. आमच्या बायकांनाही ही भाषा परकी नाही. पाणी ‘कोमटले’, ‘सळसळू लागले’, ‘आधण आले’, ‘खळखळा उकळले’ हे टप्पे त्या आवाजावरून ओळखतात. भांड्याच्या तळाशी बारीक मोत्यांसारखे बुडबुडे धरून ते सुटू लागले, पृष्ठभागावर वाफेचे धागे दिसू लागले आणि आवाज सळसळीचा असला, म्हणजे आधण येण्याच्या अलीकडचा तो टप्पा आपल्याला हवा आहे. ज्याला या आवाजाची पारख नाही त्याच्यासाठी हिशेबी मार्ग असा: पाणी पुरते उकळावे आणि तीन पेले उकळत्या पाण्यात एक पेला साधे, पिण्याचे, शुद्ध पाणी मिसळावे, साधे पाणी 30 अंशांचे धरले तर मिश्रण 82 च्या घरात येते. मला हाच मार्ग मानवला. माळशेजच्या माथ्यावर राहणाऱ्याला यात किंचित सवलत आहे, कारण दर 300 मीटर चढाला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. पण ती दोन-अडीच अंशांची सवलत पेल्यात फारशी जाणवत नाही.

प्रमाण वजनावर ठरवावे, चमच्यावर नाही. पेलाभर, म्हणजे 200 मिलिलिटर पाण्याला अडीच-तीन ग्रॅम चहा पुरतो. परंतु भुकटीचा जो लहान चमचा एवढे वजन भरतो त्याच्या जागी या फुलक्या कळ्यांचे दोन मोठे चमचे शिगोशीग भरावे लागतात. माझी पहिल्या दिवशीची निम्मी चूक इथेच झाली होती. भांडे चिनी मातीचे, काचेचे किंवा स्टीलचे असावे. लोखंडाचे तर मुळीच नको, आणि याचे कारण हिरडा वेचणाऱ्यांना सहज कळेल: हिरड्यात जो तुरट द्रव्यांचा वर्ग आहे त्याचेच भाऊबंद चहात आहेत, आणि पूर्वी हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोहाचाच एक क्षार, मिसळून काळी शाई करीत. लोखंडाच्या कढईत चहा करणारा मनुष्य नकळत दौत भरत असतो.

भांडे आधी गरम पाण्याने विसळून घ्यावे, कळ्या घालाव्यात, पाणी काठावरून हळू सोडावे, झाकण ठेवावे आणि चार-पाच मिनिटे तिकडे पाहू नये. हा ‘मुरू देण्याचा’ काळ आहे. लोणच्याला, सुपारीला आणि गाण्याला मुरणे मान्य करणारे आपण चहालाच तेवढा वेळ का नाकारतो हे मला उमगलेले नाही. सुरुवातीला कळ्या पाण्यावर तरंगतात, मग एकेक करून टोकावर उभ्या राहतात आणि तळाशी बसत जातात. रंगाची वाट पाहू नये; तो फार तर पिवळसर गव्हाळ येतो. गाळून घेतल्यावर घोट लगेच गिळू नये, जिभेवर फिरवावा. आधी काहीच लागत नाही. मग वाळल्या गवताचा, थोडा मधाचा, थोडा काकडीच्या सालीचा असा काहीसा गंध येतो, आणि गिळून झाल्यावर घशात एक गोडसरपणा मागे राहतो, जो साखरेने कधीच येत नाही. त्याच कळ्यांवर दुसरे पाणी घालता येते, ते पाच-सहा मिनिटे ठेवावे, तिसरेही चालते. माझ्या मते दुसरे सर्वांत चांगले. उन्हाळ्यात कळ्या माठातल्या गार पाण्यात रात्रभर झाकून ठेवल्या आणि सकाळी उठल्याबरोबर गाळून घेतल्या तर आगीचाही खर्च नाही.

या चहाविषयी जे आरोग्याचे डांगोरे पिटले जातात त्यांतले बरेचसे ऐकून सोडून द्यावेत. त्यात उत्तेजक द्रव्य नसतेच, ही तर उघड चूक आहे. कोवळ्या कळीत ते चांगलेच असते, म्हणून ज्याला झोपेची तक्रार आहे त्याने रात्री तोही घेऊ नये. एक गोष्ट मात्र कोऱ्या, पांढऱ्या, दुधाच्या अशा सगळ्याच चहांना लागू आहे आणि ती आमच्या पाड्यांवर आवर्जून सांगण्याजोगी आहे: जेवणासोबत घेतलेला चहा भाजी-भाकरीतले लोह पुरते अंगी लागू देत नाही. जिथे बायका-मुलांत रक्त कमी असणे ही नित्याची बाब आहे, तिथे भाकरी चहात बुडवून लहान मुलाच्या हाती देणे हे बरे नव्हे. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर राखावे.

साठवणीबद्दल इतकेच, की आषाढात जिथे मिठाला पाणी सुटते आणि पापड लोळागोळा होतो तिथे हा चहा घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्याच्या डब्यापासून दूर ठेवावा.

एक गंमत अशी, की इंग्रजांचा ‘टी’ हा शब्द ज्या किनाऱ्यावरच्या बोलीतून गेला तो किनारा याच फुजियानचा, आणि चहाच्या पेट्यांवर दिसणारा ‘पेको’ हा शब्दही तिथल्याच ‘पांढरी लव’ अशा अर्थाच्या शब्दाचा अपभ्रंश. म्हणजे काळ्या चहाच्या पेटीवरही नाव या रुपेरी कळीचेच. आपल्याकडे चहाने केवढे रण माजवले हे पुण्याला ठाऊक आहे. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले. आमच्या बाजूला चहाची गोष्ट आगगाडीशी जोडलेली आहे; वासिंदपर्यंत ती 1855 साली आली आणि थळ घाटातून ती 1865 मध्ये देशावर चढली. पुढे विसाव्या शतकात चहाच्या मळेवाल्यांनी हिंदुस्थानात चहा खपवण्यासाठी स्टेशनांचा मोठा आधार घेतला आणि विक्रेत्यांना चहा करण्याची ‘शुद्ध’ पद्धती शिकवू पाहिली. विक्रेत्यांनी तो उपदेश निमूटपणे ऐकून घेतला आणि पाण्यात दूध, साखर नि मसाला वाढवून भुकटी कमी केली. मळेवाले चरफडले. मुरबाडला तर अजून आगगाडीच नाही. तिथे चहा कल्याणच्या रस्त्याने, वाण्याच्या पोत्यांबरोबर आला असावा, आणि येताना दूध वाटेतच कुठेतरी सांडले.

त्या पाकिटातला उरलेला चहा मी गेल्या फाल्गुनात वैशाखऱ्याजवळच्या एका ओळखीच्या ओट्यावर घेऊन गेलो. घरची म्हातारी अंगणात मोह पसरीत होती. तिने पाकिटातली एक कळी तळहातावर घेतली, उजेडाकडे धरून लव पाहिली, दोन बोटांत दाबून कडकड वाजते का ते ऐकले आणि नाकाशी नेली.

“वाळवलाय बेस,” ती म्हणाली. “उनात नाय टाकला एकदम.”

मी तिच्याच भगोण्यात पाणी तापवले, सळसळ होताच उतरवले, स्टीलच्या डब्यात कळ्या घालून झाकण लावले. ती झाकणाकडे संशयाने पाहत होती. पेला हाती दिल्यावर तिने एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि पेल्याच्या तळाशी निसटून आलेली एक कळी बोटाने काढून चावली.

“आजी, कसा आहे?”

“तुरट कमी हाय. हिरड्यावानी नाय.” मग थोडे थांबून, “ह्यात पुन्हा पानी घालता येतंय का रं?”

मी हो म्हणालो. तिने स्वतः उठून डब्यात दुसरे पाणी ओतले, झाकण लावले आणि तो डबा माझ्यासमोर ओट्यावर ठेवला. चुलीवर मात्र तिने मोठे भगोणे चढवले आणि कोनाड्यातली पुडी दातांनी फोडली. मोह वेचायला गेलेली माणसे परत येण्याची वेळ झाली होती.